कुत्रीच्या वाट्याची भाकर

लातूर नवं नवं जिल्हा झालं आणि माझ्या कारकून नवऱ्याची बदली नांदेडहून तिकडे झाली. जिल्हा आला होता, नळाला पाणी मात्र आलं नव्हतं. दुष्काळाचं साल. टँकरपाशी घागरीवरून भांडायला मी सगळ्यात पुढे, आणि घरात काटकसरीचा टेंभा मिरवायलाही मीच. नांदेडहून आमच्यासोबत एक तांबडी कुत्री आली होती. मला तेव्हा मूलबाळ नव्हतं. सगळा जीव तिच्यावर होता.

थापताना शेवटची छोटी भाकर कुत्रीची, ही आमच्या घरची रीत. गल्लीतल्या बायकाही आपल्याकडचा तुकडा आणून द्यायच्या. मुंग्या लागू नयेत म्हणून मी ते सगळं गरम गरमच पितळी डब्यात घालून झाकण घट्ट दाबायची. आत वाफ धरायची आणि तिसऱ्या दिवशी भाकरीवर हिरवी बुरशी. पण दुष्काळात अन्न टाकायचं कसं? मी सुरीनं बुरशी खरवडायची, भाकर ताकात कुस्करायची आणि कुत्रीपुढे ठेवायची. कुत्र्याला घातलं म्हणजे टाकलं असं होत नाही, हे माझं शास्त्र.

एका सकाळी ती उठेचना. अंग थरथरत होतं, उलटीवर उलटी. मी दारात बसून मोठ्यानं रडू लागले.

शेजारच्या मावशी धावत आल्या. त्या सरकारी दवाखान्यात आया होत्या, बौद्ध घरातल्या. बदली झाली तेव्हाच सासूबाईंनी मला बजावलं होतं, अशा घरांशी बोलावं, पण तिथलं खाऊ नये. मी आज्ञाधारक सून. मावशींनी चहा पुढे केला की माझा कसला ना कसला उपास निघायचा.

त्यांनी कुत्रीला आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि उचलून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. काय खाल्लं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणाले, "रोजचीच भाकर."

"बुरशीची भाकर, साहेब," मावशी म्हणाल्या. "ह्यांच्या डब्याचा वास माझ्या घरात येतोय."

मला असा राग आला! पण खरं बोलणारीवर रागावून करणार काय? डॉक्टरांनी सुई दिली. घरी आल्यावर मावशींनी तो डबा उकिरड्यावर पालथा केला.

"अन्न टाकायचं पाप लागतंय म्हणून मुक्या जिवाच्या पोटात टाकून राहिलीस व्हय? तिचं पोट म्हंजी उकिरडा हाय का?"

दोन दिवस कुत्रीनं डोळे नीट उघडले नाहीत. मी नवससुद्धा बोलले. तिसऱ्या दिवशी तिनं शेपटी हलवली आणि मी पुन्हा रडले.

मग मावशींनी मला शिकवलं. भाकर आधी गार होऊ द्यायची. तुकडे करून कडक उन्हात खडखडीत वाळवायचे, कापडी पिशवीत घालून उंच टांगायचे. लागतील तेवढेच भिजवायचे, उरलेलं संध्याकाळपर्यंत ठेवायचं नाही. पाणी नसलं तरी थाळी राखेनं घासायची. आज नातीच्या कुत्र्याचं खाणं दुकानातून पिशवीबंद येतं. तरी पिशवी कोरड्या जागी आहे ना, तोंड बांधलंय ना, हे मी बघते आणि वास घेतल्याशिवाय थाळीत घालत नाही. घरचे हसतात. हसोत. मावशींचे उपकार मी विसरणार नाही.

कुत्रीनं शेपटी हलवली त्या दिवशी त्यांनी आपल्या घरून तिच्यासाठी ताजी भाकर आणली होती. एक तुकडा मोडून त्यांनी स्वतः खाल्ला, दुसरा माझ्यापुढे धरला.

"खाऊन बघ. तुला खाववली तर तिला घाल."

मी खाल्ला. त्यांच्या हातचं पहिलं अन्न माझ्या पोटात गेलं, ते कुत्रीच्या वाट्याचं. माझे सगळे उपास त्यांना ठाऊक असणारच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी आपणहून त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसले आणि अर्धी भाकर मागितली.

"कुत्रीला?" त्यांनी विचारलं.

"नाही मावशी, मला."