एका पायावर चालणारं मशीन

सन १९७६, दिवाळीनंतरचा दुसरा मंगळवार. आष्ट्याहून सकाळच्या एस.टी.नं सांगलीला शिलाई मशीन घ्यायला गेलो होतो : मी, माझी धाकटी जाऊ आणि आमचे सासरे. दीर फौजेत. त्यांचं पत्र माझ्या पिशवीत होतं आणि त्यात कामाची ओळ एकच होती : 'तिला चालवता येईल असंच घ्या.'

जावेचा डावा पाय अधू. शाळकरी वयात कोयनेच्या भूकंपात अंगावर भिंत पडली, तेव्हापासून घोटा वळत नाही. हात मात्र असा, की तिनं भरलेला खण बघून सांगलीचा एक कापडवाला म्हणाला होता, "मशीनवर एवढं सुबक येत असेल तर संक्रांतीआधी नमुना आणा, बारमाही काम देतो." तिला ते काम हवं होतं. गल्लीत मात्र बोललं जात होतं, की मशीन येईल आणि चार दिवसांत झाकण घालून कोपऱ्यात बसेल. ते खरं होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

वहीत अकरा कलमं लिहून नेली होती. दाते खाली जातात का, हे पहिलं. भरताना कापड चारी दिशांना फिरवावं लागतं, तेव्हा ते पुढं ओढणारे दाते आड येऊन चालत नाहीत. उलटी टीप येते का? विजेशिवाय चालतं का? असं बरंच. पायमशीनवर मी घरीच फुली मारून ठेवली होती.

दुकानदारानं पांढऱ्या पॉपलिनवर झरझर टीप घालून दाखवली.

"हे राहू द्या," मी म्हटलं. "खळीच्या कापडावर कुठलंही मशीन शहाणंच वाटतं."

पिशवीतून मी आमची कापडं काढली : मलमल, खण आणि सासऱ्यांच्या मिलिटरी कांबळ्याचा तुकडा. मलमलीवर एक मशीन अडकलं, कांबळ्यावर दोन. चौथ्यानं तिन्ही कापडं शिवली आणि त्याचे दातेही एका बटणासरशी खाली गेले. दुकानदार म्हणाला, "बाईंना हेच हाताचा दांडा लावून देतो. पायाचा प्रश्नच मिटला."

"व्हय, त्येच बरं," सासरे म्हणाले.

"मामंजी, एक हात दांड्यावर गेला तर भरताची रिंग कोण फिरवणार? तुम्ही?"

"फिरवीन की! परेडला शंभर माणसं फिरवलीत, रिंग काय जड हाय व्हय?"

जाऊ पदरात हसली. मग मोटरचं मशीन निघालं, पण आमच्याकडं वीज पाहुणीसारखी येते. दोन तास झाले. कलमं संपली आणि एकही मशीन उरलं नाही.

तेव्हा मागून जाऊ म्हणाली, "आक्का, मी एकदा बसून बघू का?"

मी चपापले. चालवणार ती, आणि तिला अजून कुणी बसवलंच नव्हतं.

ते चौथं मशीन नव्या स्टँडवरचं पायमशीन होतं; ती त्यावर बसली. उजवं पाऊल फळीवर तिरकं टाकलं, टाच खाली, बोटं वर. चाक उलटं फिरलं, दोरा तुटला.

"बघा," दुकानदार म्हणाला.

तिनं दोरा ओवला, हातानं चाकाला गती दिली आणि मशीन चालू लागलं. पण पाय जरा थबकला की चाकही थांबे. "पाय भरून येतो," ती म्हणाली आणि कोपऱ्याकडं बघत राहिली. तिथं बिडाचा एक जुना स्टँड होता, वर खोक्यांची चळत. "त्याचं चाक जड आहे, आक्का. एकदा फिरलं की लवकर थांबायचं नाही."

मी खोकी उतरवायला लावली. दोन्ही चाकांना सारखाच धक्का देऊन मोजलं. नव्याचे फेरे चार, जुन्याचे चौदा.

वहीतली फुली मी खोडली. "हे मशीन, त्या स्टँडवर बसवा."

"वरचं नवं आन् खालचं जुनं? असं कुणी मागत नाही, बाई."

"आम्ही मागतोय."

"बसवा की गड्या," सासरे म्हणाले. "पलटणीत बी रंगरूट नवा आन् उस्ताद जुनाच असतोय."

मशीन बसलं, पट्टा चढला. जावेनं दाते खाली घेतले, कांबळ्याचा तुकडा रिंगेत ताणला आणि दोन्ही मोकळ्या हातांनी हळदीचं पान भरलं, शिरांसकट. खाली एकच पाय चालला होता, न थांबता. दुकानदारानं शेजारच्या शिंप्याला बोलावून ते पान दाखवलं. सासऱ्यांनी ते कोटाच्या खिशात घातलं, आजतागायत परत दिलेलं नाही.

नमुना संक्रांतीच्या आधीच गेला आणि त्याच आठवड्यात कामाचं पहिलं गाठोडं आलं. याला आता तीन वर्षं होतील. वहीतल्या अकराही कलमांपुढं बरोबरची खूण आहे. बारावं मी परतीच्या एस.टी.त लिहिलं होतं : 'मशीनला झाकण शिवणे.' कापड आणून ठेवलंय, मापही घेतलंय. जाऊ म्हणते, मशीन जरा रिकामं झालं की शिवते. ते कलम अजून तसंच आहे.