घट्ट चहा

परवा सकाळी आमच्या केडगावच्या घरात चहा उकळला आणि आई बराच वेळ नुसती पातेल्याकडे बघत उभी राहिली...

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय बरेच सावरले, पण गिळणं बिघडलं. नगरच्या दवाखान्यातल्या थेरपिस्ट मॅडमनी बजावलं, पातळ काहीही द्यायचं नाही. साधं पाणीसुद्धा श्वासनलिकेत उतरू शकतं, आणि मग न्यूमोनिया.

मी शाळेत विज्ञान शिकवते. स्थायूला स्वतःचा आकार असतो, द्रव भांड्याचा आकार घेतो... पोरांकडून किती वेळा घोकून घेतलंय. घरात मात्र त्या व्याख्या काही कामाला येईनात.

कलिंगडाची फोड हातात घट्ट, दाताखाली सगळं पाणी. भाकरी दुधात कुस्करली तर दूध पुढे पळतं आणि भाकरी मागे राहते. आत्याने मायेने कुल्फी आणली, तर आईने एक तुकडा स्वतःच्या जिभेवर धरून बघितला, त्याचं पाणी झालं, आणि तिने डबा फ्रीजरमध्ये ठेवून दिला.

मॅडमनी एक परीक्षा शिकवली होती. चमचा तिरका करायचा... धार लागली तर नको, गोळा होऊन सावकाश सुटला तर चालेल. त्यात पिठलं पास झालं, चांगली घोटलेली खिचडी पास झाली.

अडलं ते चहापाशी. अण्णांनी जन्मभर बशीत ओतून, फुरके मारत चहा प्यायलेला. मॅडमनी दिलेली पावडर घालून मी तो खळीसारखा घट्ट करून पुढे केला की ते तोंड फिरवायचे. हळूहळू जेवणही नको म्हणू लागले. असंच चाललं तर नळीतून अन्न द्यावं लागेल, असं मॅडम म्हणाल्या.

परवा आईने दोन बशा काढल्या. दोन्हींत चहा ओतला, दोन्हींत पावडर घातली आणि घट्ट होईपर्यंत ढवळत राहिली. एक बशी अण्णांपुढे ठेवली, दुसरी स्वतः घेऊन त्यांच्याशेजारी बसली आणि चमच्याने खायला लागली.

अण्णा तिच्या बशीकडे बघत राहिले. मग अडखळत म्हणाले, "तुला... कशाला घट्ट?"

"घ्या. माझा बी तसलाच हाय."

त्यांनी डाव्या हाताने चमचा उचलला. ठसका लागला नाही... बशी रिकामी झाली. मी दारात उभी राहून रडले, खोटं कशाला सांगू.

दुपारी मॅडमचा फोन आला, तो मी स्पीकरवर टाकला. चहा प्यायले का, त्यांनी विचारलं. प्यायले म्हणावं तर चमच्याने, खाल्ला म्हणावं तर चहा... मी घुटमळले, तेवढ्यात आई मागून म्हणाली, "घेतला. आमी दोघांनी बी घेतला."

'घेतला'... किती साधा शब्द आहे हा. रोज तोंडात असतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला.

कालपासून माझीही बशी घट्टच असते. चव अजिबात चांगली नाही... पण रात्री अण्णांनी पिठलं मागून घेतलं.