माणूस वाटेवर असताना

पावसाळा जवळ आला की आमच्या घरातले दोन्ही पगार एकदमच थांबत. बाबा डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवत. पावसात खाण बंद. ताई मांद्र्याला समुद्रकाठच्या एका छोट्या हॉटेलात खोल्या आवरायची. पावसात तेही बंद. दसऱ्याला परत बोलावतीलच, असा शब्द कोणी देत नसे.

गोवा राज्य झाल्यावर भाषेची, हक्काची, स्थानिकांच्या नोकऱ्यांची पत्रकं इब्रामपूरपर्यंत पोचू लागली. बाबा ती जपून घरी आणत आणि मी मोठ्याने वाचून दाखवी. पत्रकांच्या कोऱ्या पाठींवरच मी निबंध लिहायला शिकले. 'हंगामी' हा शब्द मला तेव्हा शिवीसारखा वाटायचा, अजूनही वाटतो. समुद्र काय पावसात गाव सोडून जातो? मग त्याच्या जिवावर चालणारी नोकरी का जावी?

त्या वर्षी हॉटेलचा मालक म्हणाला, गाद्यांना बुरशी धरू नये म्हणून पावसातही एक बाई कामावर ठेवीन. बाई कोणती, ते मॅनेजर सांगणार. ताईला ती जागा हवी होती. ती मिळाली तर आमची चूल पावसातही निवांत पेटली असती.

मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर हॉटेलात गेले होते. हिवाळ्यापासून राहिलेली एक म्हातारी परदेशी बाई त्या सकाळी निघाली. वास्कोला जाऊन तिला आगगाडी पकडायची होती. तिने ताईला मिठी मारली. टॅक्सी माडांआड गेली आणि ताई केरसुणी मांडीवर आडवी घेऊन पायरीवर बसली.

मॅनेजर कोल्हापूरकडचे. ते धावतच आले. "अहो ताई, खोली कधी व्हायची?"

"माणूस वाटेर असताना केर काढूचो नसता, सायबा. चोपड्याची फेरीबोट पल्याड जावंदे."

"आन् फेरी चुकली तर? पाव्हणी तिकडं धक्क्यावर शेंगा खात बसणार, तुम्ही हितं झाडू धरून! नवीन पाव्हणं दारात उभं हायेत. मालकाला काय सांगू, पावसात ठेवायची बाई ती हीच म्हणून?"

ताई उठली, पण केर काढला तो अर्ध्या मनाने.

घरी येताना बसमध्ये मी तिच्यावर तुटून पडले. "ही अंधश्रद्धा आहे. आणि त्या मालकाच्या मेहेरबानीवर जगणं हे त्याहून वाईट. कायम काम हा आपला हक्क आहे!"

"पत्रकासारखा बोलू नको गो," ताई हसली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबा खाणीर गेले की आये कधी लगेच केर काढता? आणि ती म्हातारी? तीय कोणाची तरी आवस, आमच्या आयेसारखी."

मी तिच्या मांडीवरची पिशवी माझ्या मांडीवर घेतली.

पुढच्या वेळी पाहुणे निघाले तेव्हा ती पायरीवर बसलीच नाही. आधी गाद्या उन्हात टाकल्या. चादरी काढल्या, मच्छरदाणी झटकून वळईच्या दोरीवर घातली, न्हाणीघर घासलं, पाण्याचा माठ विसळून भरला. जमिनीला मात्र हात लावला नाही. सगळं आटपून तिने दारातून रस्त्याकडे पाहिलं, स्वतःशीच मान हलवली आणि मग केरसुणी उचलली. मॅनेजर आत डोकावले, उन्हाने गरम झालेल्या गादीवर तळवा ठेवून उभे राहिले. "आज फेरी लवकर सुटली वाटतं," एवढंच म्हणाले आणि हसू दाबत गेले.

मृग लागायच्या आत ताईला निरोप आला. पावसात तीच राहणार होती, हॉटेलातच.

ती निघाली त्या सकाळी आई चुलीपाशी होती आणि बाबा, खाण बंद म्हणून, ओसरीवर. ताई पिशवी घेऊन बसमध्ये चढली, हात हलवला. मी घरात परतले. जमिनीवर तिच्या केसांतून गळलेल्या अबोलीच्या पाकळ्या पडल्या होत्या. कोपऱ्यातली केरसुणी मी सवयीने हातात घेतली.

"बाबा, बस पेडण्याला पोचली असेल?"

बाबांनी वळूनही पाहिलं नाही. "वाटेर असतली अजून."

मी केरसुणी परत कोपऱ्यात उभी केली.