शेवटची ओळ

सात जणींच्या शिवणकेंद्राचा हिशेब कॉम्प्युटरवर आणला तो थोरलीने. सगळ्यांत वयस्कर म्हणून तिला थोरली म्हणत. पहिल्याच महिन्यात फजिती झाली. कमाईचे सात सारखे वाटे छापून आले, पण हाताने बेरीज केली की दोन पैसे जास्त भरत. कॉम्प्युटर पैशाचे तुकडे पोटात दडवतो आणि आपल्याला पूर्ण पैसेच दाखवतो, हे तिने शोधून काढलं.

"दोन पैशांसाठी एवढी डोकेफोड?" कापड बेतणारी हसली.

थोरली उसळली. "आज दोन पैसे सोडले, तर उद्या माझ्या कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवशील?"

तिने रीतच घालून दिली. सहा वाटे पूर्ण पैशांत पक्के करायचे, ते एकूण रकमेतून वजा करायचे आणि उरेल तो सातवा वाटा. ती शेवटची ओळ तिने स्वतःकडे घेतली. कधी पैसा कमी, कधी जास्त. कागद मात्र चोख.

यंदा नजर अधू झाली, तशी तिने हिशेबाची खुर्ची सुनेला दिली. सूनही त्या सातांतलीच. नवा कागद हातात येताच थोरलीने चष्मा चढवून बेरीज केली. जुळली. मग तळाशी पाहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सासूला वर सरकवून सून शेवटच्या ओळीत बसली होती.

थोरलीने कागद बेतणारीपुढे नाचवला.

"बघ गं! माझ्या सुनेने दोन पैसे कमी घेतलेत!"