पाठमोरे अण्णा

येलहंक्यातल्या शाळेच्या मैदानावर आज फक्कीच्या रेषा मारताना चुन्याच्या वासानं आमचे खो-खोचे अण्णा आठवले. ते मैदानाकडे पाठ करून बसायचे आणि नुसती पावलं ऐकायचे. एकदा आम्ही नऊजणी फेऱ्या मारत असताना ते न वळताच म्हणाले, "सुमे, डावा पाय लंगडतोय तुझा. स्वल्प, जरा वेळ बस."

मला तर काहीच दुखत नव्हतं. मी हट्टानं धावले. पुढच्याच फेरीत तो पाय मोडला आणि माझा खेळ संपला.

आता मीच शिकवते. इतकी वर्षं स्वतःवर भरवसा नव्हता, म्हणून शिट्टी फुंकत ओरडायचे. आज पहिल्यांदाच पाठ करून बसले. धावणाऱ्या मुली नऊ होत्या. पावलं मात्र दहाजणींची ऐकू आली, आणि दहावी डाव्या पायानं लंगडत होती.