वाकणारा रॉड

मी मासे खात नाही. आमच्या पुण्याच्या घरात अंडंसुद्धा बाहेरच्या बाहेर खाऊन यावं लागायचं. त्यामुळे पन्नाशीत, ओहायोत, मी मासे पकडायला लागले हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने ते दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाली, "पकडून करतेस काय त्यांचं?" परत पाण्यात सोडायचे असतात म्हटल्यावर तिने सरळ हवापाण्याची चौकशी सुरू केली.

मुलगी कॉलेजला गेल्यावर ओहायोतल्या डब्लिन गावातलं घर एकदम रिकामं झालं होतं. ऑफिस संपलं की मी जवळच्या जलाशयाकडे चालायला जायची. तिथे काठावर गळ टाकून उभे असलेले लोक बघता बघता एक दिवस मीही रॉड विकत घेतला. ऑनलाइन शोधून, रिव्ह्यू वाचून घेतलेला, ग्राफाइटचा, वजनाला अगदी हलका आणि ताठ. त्यावर मी क्रँकबेट लावायची. क्रँकबेट म्हणजे बोटभर लांबीचा खोटा मासा. तोंडाशी प्लास्टिकची चपटी जीभ असते, त्यामुळे लाइन, म्हणजे दोरा, गुंडाळणारी रील फिरवली की तो खाली बुडी मारतो आणि थरथरत पळतो. पोटाला आणि शेपटीला तीन-तीन टोकांचे बारीक गळ.

बास, म्हणजे इथल्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा, त्यावर तुटून पडायचा. हाताला हिसका बसायचा, लाइन ताणली जायची, पंधरा-वीस फुटांवर हिरवंगार अंग पाण्याबाहेर उसळायचं, डोकं झटकायचं आणि लाइन सैल. दोन उन्हाळे हेच चाललं होतं. हाताशी आलेला मासा दर वेळी सुटायचा.

"तुझं नशीब," नवरा म्हणायचा. काठावर फोल्डिंगच्या खुर्चीत बसून तो फोनवर क्रिकेटचा स्कोअर बघत असायचा.

शेवटी एका शनिवारी मी जलाशयाच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या लहानशा दुकानात गेले. गळ, लाइन, जिवंत किडे, कॉफी, सगळं एकाच खोलीत. काउंटरमागे सत्तरी ओलांडलेली एक बाई होती. आयुष्यभर शाळेची बस चालवली आणि रिटायर झाल्यावर हे दुकान घेतलं, असं तिनेच सांगितलं. एका गुडघ्याला पट्टा बांधलेला.

मी म्हटलं, "क्रँकबेटसाठी चांगला रॉड हवाय. माझ्याकडचा महागातला आहे, तरी मासे सुटतात."

"आणलायस?"

गाडीतून आणून दिला. तिने टोक छताला टेकवून हलकेच दाबलं. फक्त वरचा वीतभर भाग वाकला.

"रॉड उत्तम आहे," ती म्हणाली. "पण या कामाचा नाही. चल बाहेर."

भिंतीवरून तिने दुसरा एक रॉड काढला. फायबरग्लासचा, पिवळट, सात फुटी, माझ्या रॉडपेक्षा चांगलाच जड. एक जुनी कापडी टोपी उचलली आणि मागच्या पार्किंग लॉटमध्ये आली. माझा रॉड माझ्या हातात देऊन, त्याच्या लाइनला क्रँकबेट बांधून तिने त्याच्या एकाच गळाचं टोक टोपीच्या कडेत, जेमतेम दोन धाग्यांत, अडकवलं.

"बासच्या ओठात गळ एवढाच रुततो. आता तू तिथेच थांब. मी मासा."

मला वाटलं, गंमत करते आहे. पण टोपी हातात धरून ती लंगडत वीसेक पावलं गेली, वळली, म्हणाली, "ओढ!" आणि पुढच्या क्षणी तिने हात जमिनीलगत नेऊन असा काही झटकला की माझं मनगट दुखलं. मी सवयीने रॉड मागे खेचला. टोपी तिच्या हातात राहिली, क्रँकबेट डांबरावर खडखडत माझ्याकडे आलं.

"बघितलंस? मी झटका देते, तू झटका देतेस. मधे झेलणारं कोणीच नाही. आता दुसरा."

तेच क्रँकबेट पिवळ्या रॉडला बांधून, पुन्हा टोपीत अडकवून तिने तो रॉड माझ्या हातात दिला. या वेळी ती धावली. गुडघ्याला पट्टा बांधलेली ती बाई डावीकडे धावली, थबकली, माझ्याच दिशेने सुसाट आली, मग अंग वळवून हात वर उसळवला आणि डोकं झटकावं तशी टोपी झटकली. एकदा, दोनदा, तीनदा. पिवळा रॉड मुठीपर्यंत वाकला, सैल पडतोय असं वाटताच भरून आला, पुन्हा वाकला. तिची प्रत्येक हालचाल मला तळव्यात कळत होती, पण धक्का म्हणून नाही. दोन धाग्यांतला तो गळ निघाला नाही.

मी हसायचं विसरले. किती वर्षं, किती मासे हातातून गेल्यावर माणसाला असं मासा होता येत असेल?

ती धापा टाकत गाडीच्या बॉनेटला टेकली. "मासा आमिष तोंडात ओढून घेतो, त्याला अर्धा क्षण लागतो. ताठ रॉड तुला फार लवकर सांगतो आणि तू घाईने ओढून घेतेस. हा जरा उशिरा सांगतो. लागलं की झटका नको. नुसती रील फिरवत राहा."

"तुम्हाला पाणी आणू?"

"कॉफी आण. काळी."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी विकत घेतलेला पिवळा रॉड घेऊन नवरा आणि मी काठावर होतो. पाण्यावर धुकं होतं. चौथ्यांदा की पाचव्यांदा गळ टाकल्यावर क्रँकबेट तळाच्या कुठल्या तरी बुंध्याला टकटकलं, सुटलं, आणि मग थरथर थांबली. हिसका नाही, फक्त वजन. हात मागे जायला निघाला होता, मी तो दात आवळून आवरला आणि रील फिरवत राहिले. रॉड खालपर्यंत वाकला. समोर पाणी फुटलं आणि मासा बाहेर आला, जबडा उघडा, कल्ले फुललेले, डोकं झटकत. मी रील थांबवली नाही. तो पाण्यात पडला, आणि वजन तसंच होतं.

"अगं, आहे! अजून आहे!" नवरा खुर्चीतून उठला होता. बूट न काढताच तो घोटाभर पाण्यात शिरला.

काठाशी आणल्यावर पाहिलं, तर ओठाच्या कडेला एकच टोक, कातडीच्या जेमतेम पापुद्र्यात. हात ओले करून मी त्याचा खालचा जबडा धरला. अंगठ्याला बारीक दातांचा खरखरीत स्पर्श झाला. दोन्ही हातांत मावत नव्हता. पाठ शेवाळी, बाजूला काळी तुटक रेघ, पोट पांढरंशुभ्र, आणि त्याचा तो स्थिर डोळा. इतका जिवंत जीव इतक्या जवळून मी आधी फक्त एकदाच पाहिला होता, मुलगी जन्मली तेव्हा.

गळ बोटानेच निघाला. पाण्यात धरल्यावर मासा क्षणभर तसाच राहिला, कल्ले दोनदा उघडले, मग शेपटीचा एक फटकारा, आणि माझी बाही ओली.

पाण्यावरची वर्तुळं धुक्यात पसरत गेली.

मग नवऱ्याने पँटला हात पुसले आणि हळूच विचारलं, "मला गळ टाकायला शिकवशील?"