डब्यातली शिट्टी

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, आणि आमच्या राहाता गावच्या घरातली कुठलीही वस्तू मी दुरुस्त केल्याशिवाय बिघडत नाही. मिक्सर, इन्व्हर्टर, दारावरची बेल, माझ्या हाताखालून जाताना प्रत्येकानं थोडं थोडं काहीतरी गमावलेलं आहे. बेल तर आता आतल्या माणसाला ऐकू जात नाही, दाबणाऱ्याला मात्र बारीक झटका देते. तरीही घरातले लोक वस्तू माझ्याकडेच आणतात, कारण घरात दुसरा इंजिनिअर नाही.

आमचे वडील, म्हणजे आण्णा, साखर कारखान्यात मिल फिटर होते. ऊस चिरडणाऱ्या त्या धुडाच्या शेजारी उभं राहून त्यांनी सगळी नोकरी काढली आणि निवृत्तीच्या दिवशी एक शाल, एक भिंतीवरचं घड्याळ आणि दोन्ही कानांचं बहिरेपण घेऊन घरी आले. आणि कारखान्यात त्यांचं नाव होतं ते नेमकं कानांसाठी. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, हे बेअरिंग आठ दिवसांत जाणार. साहेब लोक हसायचे, आणि आठ दिवसांनी बेअरिंग जायचं.

बहिरेपणानं त्यांचं बरंच काही नेलं, पण मनाला लागलं ते एकच. आमच्या विहारात वंदना वर्षानुवर्षं आण्णाच सांगायचे. ते एक ओळ म्हणायचे, मागे सगळे ती म्हणायचे. पुढे पुढे त्यांना मागचं ऐकू येईना. एका पौर्णिमेला लोकांची ओळ संपायच्या आत त्यांनी पुढची सुरू केली. लोक गोंधळून थांबले. लोक थांबलेले पाहून तेही थांबले. मग सगळा विहार एकमेकांकडे बघत गप्प बसून राहिला. आण्णांनी पुस्तक मिटलं, शेजारच्याच्या हातात दिलं, आणि पुन्हा त्या जागेवर बसले नाहीत. घरातही त्यांचं बोलणं त्या दिवसापासून आटलं. मला फार वाईट वाटायचं. पण माझ्यासारख्या माणसाला वाईट वाटलं की तो गप्प बसत नाही, तो काहीतरी जोडायला घेतो.

मी एक डबा केला. लाडवांचा रिकामा प्लास्टिकचा डबा, आत नखाएवढी मायक्रोकंट्रोलर चिप. हा डबा आण्णांच्या खाटेशी ठेवलेला छोटा पंखा चालवायचा. ऊन वाढलं की पंखा आपोआप जोरात, हवा गार झाली की हळू. (छताच्या पंख्यानं आण्णांचे गुडघे धरायचे.) शिवाय दर बारा तासांनी, म्हणजे सकाळी आठ आणि रात्री आठला, तो ब्लडप्रेशरच्या गोळीची आठवण करायचा. आण्णांसाठी लाल दिवा आणि आईसाठी बझर. मी हा डबा कॉलेजातही नेऊन दाखवला होता. हात धुवायला म्हणून आलेल्या शिपायालासुद्धा मी तो समजावून सांगितला.

पंख्याचा वेग कमी-जास्त करायची युक्ती सोपी आहे. चिप सेकंदाला जवळजवळ हजार वेळा वीज चालू-बंद करते. चालू जास्त वेळ ठेवली की पंखा जोरात, बंद जास्त वेळ ठेवली की हळू. पुस्तकात याला पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात. हे इतक्या झपाट्यानं होतं की मोटरला काही कळत नाही, असं मी वर्गात दरवर्षी सांगतो. मोटरबद्दल सांगतो. माणसांबद्दल मी कधी विचार केला नव्हता.

डबा होऊन दोन वर्षं झाली आणि यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही आण्णांना कानाचं मशीन घेतलं. नगरच्या कानाच्या दवाखान्यातल्या बाईंनी ते कानात बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, “आण्णा, ऐकू येतंय का?” आण्णांनी मान हलवली आणि खिडकीकडे बघत राहिले. बाहेर कुणीतरी झाडू मारत होतं. “खराटा,” ते म्हणाले. एवढं एकच. आईनं तोंडाला पदर लावला. मी उगाच मशीनचं माहितीपत्रक वाचू लागलो, अक्षरं मात्र मला दिसत नव्हती.

घरी आलो, आण्णा खाटेवर बसले आणि दहा मिनिटांत त्यांनी मशीन काढून ठेवलं.

“शिट्टी वाजती,” म्हणाले.

आता कानाचं मशीन नीट बसलं नाही तर शिट्टी वाजते, हे मी इंटरनेटवर वाचलेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन पुन्हा नगरची एसटी. बाईंनी कान तपासले, साचा बदलला. तिथे शिट्टी नाही. घरी आलो, शिट्टी हजर. पुन्हा नगर. या खेपेला मीच बाईंना आवाज कमी करायला लावला, इतका की त्यांना शिट्टीही ऐकू येईना आणि आम्हीही. तिसऱ्या खेपेपर्यंत वाटेतल्या कोल्हारचा पेढेवाला आम्हाला ओळखू लागला होता. बाईंनी आवाज पुन्हा होता तिथे आणला आणि मला शांतपणे विचारलं की घरातच काही वाजत असेल का. मी म्हणालो, शक्य नाही. घरातली सगळी इलेक्ट्रिकची कामं मी स्वतः केलेली आहेत.

हे मी पुरावा म्हणून सांगितलं होतं.

येताना मी आण्णांना समजावलं की इतकी वर्षं कान बंद होते, आता मेंदूला सवय लागेपर्यंत असे भास होणारच. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मशीन काढलं आणि चष्म्याच्या घरात ठेवून दिलं. त्यानंतर आण्णा ते घर उघडेनात. बुद्ध पौर्णिमा जवळ आली होती. एका रविवारी दुपारी विहाराचे सेक्रेटरी मुद्दाम घरी आले आणि म्हणाले, यंदा वंदना तुम्हीच सांगायची, आता तर मशीन आलंय. आण्णांनी पाहुण्याचा मान म्हणून ते कानात घातलं, सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडून नाही म्हणाले. डोक्यात शिट्टी घेऊन भगवंतापुढे बसणार नाही, हे त्यांनी इतक्या खालच्या आवाजात सांगितलं की सेक्रेटरींनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

आणि लाईट गेली.

आण्णांनी मान वर केली. “थांबली,” म्हणाले.

पाच मिनिटांनी लाईट आली. “आली.” मग आईकडे वळून म्हणाले, “माझा डायवर आन.”

आईनं ट्रंकेतून तो जुना लांब स्क्रूड्रायव्हर काढून दिला. आण्णांनी कानातलं मशीन काढलं, टोक पंख्याच्या अंगाला टेकवलं, मूठ कानामागे लावली आणि डोळे मिटले. सेक्रेटरीही विहारात बसल्यासारखे ताठ झाले. मी मात्र घाईनं मीटर आणला, डब्याच्या तारांना लावला आणि आकडा सगळ्यांना दाखवला. व्होल्टेज पाहिजे तेवढंच होतं. (मीटर सरासरी दाखवतो. सेकंदाला हजार झटके त्याच्या लेखी एक शांत, सुस्वभावी आकडा असतो. हेही मी वर्गात शिकवतो.)

आण्णांनी मशीन पुन्हा कानात घातलं आणि मला खूण केली की डब्यावरच्या बटणानं पंखा हळू कर. मी केला. मग जोरात. मी केला.

“बेअरिंग चांगलं हाय,” ते म्हणाले. “पंखा हळू झाला तरी शिट्टी तीच, जोरात झाला तरी तीच. फिरनाऱ्या वस्तूची शिट्टी फिरन्यासंगं बदलती. ही बदलत न्हाई. ही तुझ्या डब्यातनं येती.”

मी मीटर हातात धरून उभा होतो. सेकंदाला हजार वेळा वीज चालू-बंद झाली की मोटरचं वेटोळंही हजार वेळा थरथरतं, आणि ती थरथर म्हणजेच बारीक आवाज. वेग कितीही बदला, हजाराचे हजारच राहतात. आमचे कान त्याला सरावलेले होते. आण्णांच्या कानात मशीन होतं, आणि मशीनचं कामच बारीक आवाज मोठा करणं. ज्याला बहिरा म्हणून आम्ही चार वेळा नगरला नेलं, तोच घरातला एकटा माणूस नीट ऐकत होता.

“मी डबा आणला तेव्हाच सांगितलं होतं, हा गुणगुणतो म्हणून,” माझी बायको संगीता म्हणाली. “तुम्ही म्हणालात डास असेल.”

त्या डासासाठी आई दोन वर्षं रोज संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करत होती.

उपाय सोपा होता. वीज चालू-बंद करायचा वेग चौसष्ट पट करायचा, म्हणजे आवाज माणसाच्या कानाच्या पलीकडे जातो. प्रोग्राममध्ये एका ओळीचा बदल. सोमवारी सकाळी मी तो केला, बरोबर आठच्या ठोक्याला डबा चालू केला, आण्णांनी गोळी घेतली, मशीन घातलं आणि थोडा वेळ नुसते बसून राहिले. “न्हाई,” म्हणाले. शिट्टी नव्हती. मी विजयी मुद्रेनं गाडीला किक मारली आणि कॉलेजला गेलो.

नऊच्या तासाला आईचा फोन.

“विजू, दिसात किती गोळ्या द्यायच्या रं यान्ला?”

मी म्हटलं, दोन. सकाळी एक, रात्री एक.

“मग डबा पाच येळा कसा वाजला?”

मी फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर मीच नुकतंच लिहिलेलं होतं की छोट्या चिपमध्ये एकच अंतर्गत घड्याळ अनेक कामं करतं, म्हणून त्याला हात लावताना विचार करावा. ज्या घड्याळानं पंखा चालत होता, त्याच घड्याळानं डबा तास मोजत होता. मी ते चौसष्ट पट पळवलं होतं. डब्याचा अख्खा दिवस साडेबावीस मिनिटांत उरकत होता आणि गोळीची वेळ दर सव्वाअकरा मिनिटांनी येत होती.

मला घाम फुटला. आईचा त्या डब्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास. मी विचारलं, तू दिली नाहीस ना?

“पान्याचा तांब्या घेऊन पाची येळा गेले. ते घेईनात. म्हनत्यात, डबा येडा झालाय, मी न्हाई.”

मी वर्ग सोडून घरी आलो. (पोरांना कारण सांगितलं नाही. कारण फळ्यावर होतंच.) वाटलं होतं, आण्णांनी वैतागून मशीन पुन्हा चष्म्याच्या घरात टाकलं असेल. तर ते खाटेवर बसून होते, मशीन कानात, आणि डब्याकडे टक लावून बघत होते. तेवढ्यात बझर वाजला. मी बटण दाबायला धावलो, तर त्यांनी माझा हात धरला.

“ऱ्हाऊ दे जरा,” म्हणाले. “दोन वर्सं नुसता लाल दिवा बघितला. हा असा वाजतो व्हय?”

आम्ही दोघांनी तो बझर पूर्ण ऐकला. इतका कर्कश आवाज मी आयुष्यात दुसरा केलेला नाही, आणि इतकं मन लावून माझं कुठलंही काम कुणी ऐकलेलं नाही.

त्या दिवशी मी पहिलं घड्याळ पूर्वीसारखं केलं आणि पंखा चिपच्या दुसऱ्या पिनला जोडला, जिथलं घड्याळ वेगळं आहे आणि कितीही पळवता येतं. शिट्टी गेली, दिवस पुन्हा चोवीस तासांचा झाला. आण्णांनी स्क्रूड्रायव्हर लावून काम तपासलं, मगच डब्याचं झाकण लावू दिलं. मग आईला म्हणाले, सेक्रेटरींना निरोप दे.

पौर्णिमेला सकाळी विहार भरलेला होता. आण्णा पांढऱ्या कपड्यांत पुढे बसले. त्यांनी पहिली ओळ म्हटली आणि थांबले. मागून सगळ्यांनी म्हटली. शेवटचा स्वर विरेपर्यंत ते डोळे मिटून थांबून राहिले, अगदी मिलपुढे थांबायचे तसे, आणि मग दुसरी ओळ उचलली. एकदाही त्यांचा ताल चुकला नाही. मीही मोठ्यानं म्हणत होतो. जितकं म्हणून मोठ्यानं म्हणता येईल तितकं.

घरी येताना ते गाडीवर माझ्या मागे बसले होते. बाजारतळ आला. मग म्हणाले, “समदे छान म्हनत हुते. मागं एक जन तेवढा बेसूर हुता.”

मी म्हटलं, असेल कुणीतरी म्हातारं माणूस.

“म्हातारं न्हाई. डावीकडं, खांबापाशी,” आण्णा म्हणाले. “त्याचं बेअरिंग गेलंय.”

मी गाडी जरा हळू घेतली. डावीकडच्या खांबापाशी जागा फार थोडी आहे. तिथे एकच माणूस बसतो, आणि लहानपणापासून तिथे मीच बसतो.